एका सुट्टीतली दोन कामं

म्हाताऱ्या ग्रिगोरला मरायचं होतं आणि त्याला घरातल्या कोणाची ना नव्हती. घोडं अडलं होतं ते गवतापाशी.

त्या खोऱ्यात माणूस शवपेटीत निजतो तो स्वतःच्या कुरणातल्या, त्याच सालच्या गवतावर. पाठीखाली गवताची गादी, डोक्याखाली गवताची उशी. शेजाऱ्याचं गवत चालत नाही आणि गेल्या सालचंही नाही. उसन्या गवतावर निजवलेला माणूस वर जाऊनही पाहुण्यासारखा दारातच उभा राहतो, असं जुन्या बायका सांगतात. ग्रिगोर उभ्या जन्मात कोणाच्या दारात उभा राहिलेला नव्हता. फात्सा नावाचं त्याचं चढाचं कुरण होतं. तो मिसरूडही न फुटलेला पोरगा होता तेव्हापासून दर उन्हाळ्याला लांब दांड्याच्या विळ्यानं त्यानं ते कापलं होतं.

जूनअखेरीला संत पेत्रूचा सण झाला आणि गावातून विळे निघाले. त्याच आठवड्यात ग्रिगोरची कंबर बसली, मग पाय सुजले, मग छातीत पाणी झालं. सिगेत शहरातल्या डॉक्टरनं त्याला तपासलं आणि सून राफिला हिला बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या आणि मागतील ते खायला द्या. राफिलानं त्याला घरी आणलं आणि त्याच्याच हट्टानं खाट खिडकीपाशी लावली. खिडकीतून समोरचा सगळा डोंगर दिसायचा. सगळ्यांची कुरणं कापून झालेली, लोकर भादरलेल्या मेंढीसारखी फिकट. मधोमध फात्सा तेवढं माणसाच्या छातीपर्यंत उभं.

त्याला कारण एक पाखरू होतं. क्रिस्तेल म्हणतात त्याला. ते गवतात जमिनीवर घरटं करतं. त्याची पिल्लं पळण्याजोगी होईपर्यंत, म्हणजे ऑगस्ट लागेपर्यंत, जो शेतकरी आपल्या कुरणाला विळा लावणार नाही त्याला युरोपची मदत मिळते. पुढं कापायचं तेही यंत्रानं नाही, हातानं. आणि सुरुवात कुरणाच्या मधून करत बाहेर यायचं, म्हणजे राहिलेल्या पिल्लांना काठाकडं पळता येईल. करार पाच वर्षांचा. मध्ये मोडला तर मिळालेलं सगळं परत. त्यातलं बरंचसं घरावर पत्रा होऊन बसलं होतं आणि उरलेलं न्हाणीघराच्या फरशीत गेलं होतं. ते परत कसं करणार?

राफिलाचा नवरा दानिला जर्मनीत, म्हणून करारावर सही राफिलाची. त्या दिवशी सगळ्यांत जास्त हसला होता तो ग्रिगोरच.

“आयुष्यभर गवत कापलं तेव्हा कोणी काळं कुत्रं विचारायला आलं नाही,” तो म्हणाला होता. “आता कापू नका म्हणून पैसे देतायत! कर गं सही. येड्यांचा बाजार भरलाय, आपण कशाला मागं राहायचं?”

ते चौथं वर्ष चालू होतं.

*

दानिला जर्मनीत कोंबड्या कापायच्या कारखान्यात होता. रविवारी त्याचा फोन यायचा. राफिलानं फोन म्हाताऱ्याच्या उशाशी ठेवला.

“बाबा, कसं वाटतंय?”

“मरतोय.”

“असं काय बोलता?”

“मग काय नाचतोय म्हणू? ते जाऊ दे. सुट्टी किती देतात ते सांग.”

“उन्हाळ्यात एकदाच, जेमतेम आठवडाभर. दुसऱ्यांदा मागितली की कंत्राटदार जागेवर दुसरा माणूस उभा करतो. आत्ता आलो तर गवताला येता येणार नाही. आणि गवताला यायचं म्हटलं तर...”

“तर बाप तोवर टिकायला पाहिजे,” ग्रिगोरनं वाक्य पुरं केलं. “अरे, त्यात लाजायचं काय? ते चढाचं गवत हातानं कापणारा गावात पुरुष उरलाय का? सगळे तिकडंच, तुझ्याच बरोबर कोंबड्यांच्या माना मुरगाळतायत. आहेत त्यांनी यंत्रं घेतली. ही एकटी बाई कापणार होय? तू ऑगस्ट लागला की ये. दोन्ही कामं एका सुट्टीत उरकून टाक.”

राफिला फोन उचलून पडवीत गेली.

“तू आत्ता ये,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “माणूस आहे तोवर भेटून जा.”

“आणि फात्सा?”

ऑगस्ट लागल्यावर महिन्याच्या आत गवत कापून उचललं नाही तरी करार मोडतोच. हे त्यालाही माहीत होतं आणि तिलाही.

“बाबा चिवट आहेत,” दानिला म्हणाला. “टिकतील.”

*

आणि ग्रिगोर टिकायच्या कामाला लागला. आयुष्यभर जसं त्यानं कुठलंही काम केलं तसंच हेही, कोणाला मदतीला न बोलावता. दूध पचत नव्हतं, तरी वेळेवर मागून प्यायचा. मक्याच्या पिठाचं मामालिगा राफिला पातळ करून भरवायची; तो एकेक घास तोंडात घोळवत राहायचा आणि डोळ्यांतून पाणी आलं तरी गिळायचा. कोणी विनोद केला तर हसायचा नाही, कारण हसलं की खोकला यायचा आणि खोकल्यानं दम जायचा. होरिंका दारूची बाटली स्वतःच कपाटात ठेवायला लावली.

राफिलाचा दिवस गाईच्या धारेनं उजाडायचा. मग म्हाताऱ्याला कुशीवर करायचं, पाठ पुसायची, टाचांना चरबी चोळायची. अंगानं वाळला होता, पण हाडं जड होती. त्याला उचलताना तिच्या कमरेत कळ जायची आणि तोंडातून शब्द निघू नये म्हणून ती ओठ चावायची. त्याला हे कळायचं. एरवी सुनेच्या हातून पाणीही मागून न घेणारा माणूस, तिनं लंगोट बदलायला घेतला की खिडकीकडं तोंड करून फात्साबद्दल काहीतरी बोलत सुटायचा.

“त्या वरच्या कोपऱ्यात दगड आहे बघ. दानिलाला सांग. पातं तुटेल.”

“सांगते, बाबा.”

“मागच्या वर्षी पण सांगितलं होतं. तरी आपटलंच त्यानं.”

दुपारी ती शेजारच्या पालागाकडं दाताळ्यानं गवत ओढायला जायची. यंदा पालागाचं गवत ओढायचं, ऑगस्टात पालागानं फात्सावर यायचं, असा व्यवहार होता. पालागा विधवा, तोंडानं फटकळ आणि मनानं बरी. एक दिवस गंजी रचताना ती म्हणाली, “यातलं घेऊन जा की दोन कवळे. म्हाताऱ्याला कुठं कळणार आहे? नाकाला सूत धरायची वेळ आली.”

राफिलाच्या मनात हे आठवडाभर घोळतच होतं. रात्र रात्र बसून ती इतकी शिणली होती, की कधी कधी म्हाताऱ्याचा श्वास जरा लांबला तर तिला भीती वाटायच्या आधी सुटल्यासारखं वाटायचं. मग स्वतःची लाज वाटून ती उगाचच चुलीतली राख काढत बसायची. त्या दिवशी तिनं ओच्यात थोडं गवत घेतलं आणि ते घरात आणून कोपऱ्यातल्या टोपलीत ठेवलं. म्हातारा डोळे मिटून पडला होता.

“पालागाचं आहे,” तो डोळे न उघडता म्हणाला.

“गाईला आणलंय, बाबा.”

“गाय काय चुलीपाशी बांधतेस आता?” तो थांबून थांबून बोलत होता. “ओढ्याकाठचं गवत आहे. पुदिन्याचा वास येतोय. फात्सावर पुदिना नाही. नेऊन टाक ते.”

राफिलानं टोपली उचलली आणि गोठ्यात जाऊन, गाईच्या पाठीला कपाळ लावून, बराच वेळ उभी राहिली.

*

जुलैच्या मध्याला तालुक्याहून तपासणीच्या बाई आल्या. तरुण होत्या, पायात शहरी बूट, गळ्यात फोन. कुरणाच्या कोपऱ्यात योजनेची पाटी होती, पाखराच्या चित्राची. बाईंनी कुरणाला बाहेरून फेरी मारली, चारी बाजूंनी फोटो घेतले, मग राफिलाला पाटीशेजारी उभं केलं.

“जरा हसा ना,” बाई म्हणाल्या. “फार सुंदर राखलंय तुम्ही. खोऱ्यात एवढं एकच कुरण उरलंय असं.”

राफिला हसली. मग तिनं धीर केला.

“बाई, एक विचारायचं होतं. सासरे आजारी आहेत. शेवटचंच आहे. त्यांच्या पेटीत घालायला इथलं गवत पाहिजे. जास्त नाही, गादी-उशीपुरतं. काठाकाठानं लहान विळ्यानं घेईन. पाखराला त्रास होणार नाही, असं बघून घेईन.”

बाईंचा चेहरा उतरला. त्यांची आजीही असल्याच गावातली होती, त्यांना हे समजत होतं. म्हणूनच त्यांना जास्त अवघड झालं.

“मी नाही बघितलं म्हणू शकते,” त्या म्हणाल्या. “पण वरून फोटो निघतात. आभाळातून. त्यात कापलेला तुकडा वेगळ्या रंगाचा दिसतो. मग मला विचारतात, मग तुम्हाला. आणि कारण कोणी विचारत नाही हो. कापलं का नाही कापलं, एवढंच.”

“माणूस मेला तरी?”

“मेला तर...” बाई गडबडल्या. “सही करणारा मेला तर वारसाला सवलत आहे. पण करार तुमच्या नावावर आहे ना.”

“म्हणजे मी मेले तर चालतं.”

राफिला हे चेष्टेनं बोलली होती, पण बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या गाडीत बसता बसता म्हणाल्या, “थोडेच दिवस राहिले. देव करो आणि...”

संध्याकाळी फात्सावर पाखरू ओरडायला लागलं. फणीच्या दात्यांवरून नख ओढावं तसं, क्रेक्स, क्रेक्स, थांबायचं नाव नाही. ग्रिगोर ऐकत होता.

“खा लेका, पैदास वाढव,” तो म्हणाला. “तुझ्या पोरांचे पाय फुटेपर्यंत मला हलता येत नाही.”

*

जुलै संपता संपता त्याचा घसा घरघरू लागला. पाद्री येऊन शेवटच्या प्रार्थनेचं तेल लावून गेले. दोन दिवसांनी पुन्हा बोलावलं, पुन्हा लावून गेले. जाताना राफिलाला म्हणाले, “हा माणूस नाही जायचा. काम टाकून जाणाऱ्यांतला नाही.”

एकतीस तारखेला दानिला उतरला. उंचापुरा माणूस, पण वाकून दारातून आत आला तेव्हा राफिलाला तो लहान झाल्यासारखा वाटला. बापाच्या हातांवर हात ठेवून तो खाटेपाशी बसला. ग्रिगोरनं त्याचे तळवे उलटे करून बघितले. वर्षभर ओल्या रबरी हातमोज्यांत राहून ते पांढरे आणि मऊ पडले होते.

“बाईमाणसाचे हात झाले तुझे,” म्हातारा म्हणाला. “फोड येतील. कापड बांध.”

दुसऱ्या दिवशी उजाडताना दानिलानं अंगणात छोट्या ऐरणीवर विळ्याचं पातं ठोकायला घेतलं. तो ठोका ऐकून ग्रिगोर आतून ओरडला, “सपाट मार! टोकाकडं हलका हात!” एवढा आवाज त्याच्यात उरलाय हे कोणाला ठाऊक नव्हतं. मग त्यानं हट्ट धरला: मला वर न्या. पालागा म्हणाली, वाटेतच जाईल. ग्रिगोर म्हणाला, “मग तर उत्तमच. पेटी खाली आणायला गाडी आहेच.”

घोडागाडीत पेंढा टाकून त्याला वर नेलं, नासपतीच्या झाडाच्या सावलीला टेकवून बसवलं. दानिलानं नियमाप्रमाणं उभ्या गवतातून वाट काढत मधोमध जाऊन सुरुवात केली. बाहेरून बघणाऱ्याला आधी काहीच दिसेना, नुसता पात्याचा सपसप आवाज. मग मध्ये एक भोक पडल्यासारखं झालं आणि ते रुंद होऊ लागलं.

“बघा, बघा,” ग्रिगोर म्हणाला. “पाव आतून कुरतडतोय उंदीर.”

पण तो डोळ्यांची पापणी न हलवता बघत होता. दानिला दर थोड्या वेळानं थांबायचा, कमरेला बांधलेल्या शिंगातला धारेचा ओला दगड काढून पात्यावर फिरवायचा आणि पुन्हा वाकायचा. दुपारपर्यंत त्याच्या हातांवरचं कापड लाल झालं. राफिला आणि पालागा मागून गवत पसरत होत्या. गवत उशिराचं, दांडे काडीसारखे ताठ झालेले, गाईला न आवडणारं, पण वास होता. तो वास चढावरून खाली नासपतीपर्यंत गेला तेव्हा ग्रिगोरनं मान मागं टाकली आणि तोंड उघडं ठेवून नुसता श्वास घेत राहिला.

ऊन चांगलं पडलं. एक सर आली, पण ती पलीकडच्या डोंगरावर गेली. सुट्टी निम्मी सरायच्या आत फात्सा कापून, वाळवून, गंजी रचून झालं. राफिलानं पांढऱ्या मांजरपाटाची गादी आणि उशी शिवून फात्साच्या गवतानं भरली, आणि ग्रिगोरला दाखवली. त्यानं हातानं दाबून बघितली.

“उशीत अजून घाल,” तो म्हणाला. “मान खाली जाते.”

सुतारानं पेटीच्या फळ्या रंधून ठेवल्या. पाद्र्यांनी येते दिवस मोकळे ठेवले. पालागानं मयताच्या जेवणासाठी कोबीची पानं भरायला तांदूळ निवडून ठेवले. आता सगळं तयार होतं. आणि ग्रिगोर बरा व्हायला लागला.

आधी घरघर थांबली. मग पायांची सूज ओसरली. एका सकाळी त्याला न मागता भूक लागली आणि वाटीभर सूप संपवल्यावर तो वाटीकडं बघत राहिला. त्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर जी भीती राफिलानं बघितली ती तिनं आजारपणात एकदाही बघितली नव्हती.

दानिला उगाच कुंपणाचे खुंट बदलत होता. वाटेवर लोक विचारायचे, “कसं आहे रे बाबांचं?” आणि “बरं आहे” असं सांगताना त्याची मान खाली जायची. बाप बरा आहे हे सांगायची लाज वाटावी अशी वेळ देवानं कोणावर आणू नये. रात्री तो राफिलाला म्हणाला, “मी आत जातो तेव्हा ते डोळे मिटून घेतात. मेल्याचं सोंग घेतात गं माझ्यासमोर.”

ग्रिगोरनं जेवण सोडलं. दोन दिवस सोडलं, तरी शरीर ऐकेना. ज्याला महिनाभर दामटून चालवलं होतं ते आता थांबायला तयार नव्हतं.

*

निघायच्या दिवशी दानिला पिशवी घेऊन खाटेपाशी आला. ग्रिगोरनं त्याचा हात धरला.

“माफ कर, पोरा,” तो म्हणाला. “जमलं नाही.”

“बाबा, काय बोलताय हे!”

“गवत तू वेळेवर दिलंस. माझ्याकडूनच राहिलं.”

दानिला खाली बसून बापाच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडला. बाहेर जर्मनीला जाणारा मिनीबसवाला हॉर्न देत होता. राफिला नवऱ्याला सडकेपर्यंत पोचवून परत आली तेव्हा म्हातारा उताणा, अंग ताठ करून झोपला होता. केस हातानं सारखे केलेले.

“मेणबत्ती दे,” तो म्हणाला.

हातात पेटती मेणबत्ती असल्याशिवाय तिकडं कोणी मरत नाही; तिच्यावाचून पुढची वाट अंधारी राहते.

“काय होतंय, बाबा?”

“अजून काही नाही. पण आता करतो. गाडी कुठवर गेली?”

“आत्ताच तर सुटली.”

“सातू मारे शहराच्या पुढं देशाच्या हद्दीची चौकी आहे. त्याच्या आत फोन गेला तर उतरून मागं येईल. एकदा पलीकडं गेला की कंत्राटदार सोडायचा नाही. लाव मेणबत्ती, वेळ घालवू नकोस.”

राफिलानं मेणबत्ती पेटवली. त्याच्या मुठीत ती धरवेना, म्हणून त्याच्या मुठीभोवती तिनं स्वतःची मूठ धरली. ग्रिगोरनं डोळे मिटले, जबडा आवळला, छातीतला सगळा वारा सोडून दिला आणि पुन्हा घेतलाच नाही. त्याच्या मानेची शीर फुगली, चेहरा काळवंडला, आणि मग एकदम खोकल्याचा उमाळा येऊन श्वास आपसूक आत गेला. त्यानं पुन्हा सोडला. पुन्हा गेला.

“कुठवर?”

“घाट उतरली असेल.”

“बरं.”

किती वेळा झालं हे तिनं मोजलं नाही. नको हो बाबा, असं म्हणावं असं तिला वाटत होतं. आणि जा हो बाबा, असंही. मेण ओघळून दोघांच्या बोटांवर थिजत होतं. धारेची वेळ टळून गाय हंबरत होती. खिडकीबाहेर कापलेलं फात्सा उन्हं उतरताना पिवळं दिसत होतं, आता सगळ्या कुरणांसारखंच.

फोन वाजला. राफिलानं एका हातानं तो उचलून दानिलाचा मेसेज वाचला.

“काय म्हणतो?” ग्रिगोरनं डोळे उघडले.

तिला खोटं बोलता आलं असतं. पण चौकी अजून लांब आहे म्हटलं असतं तर त्यानं पुन्हा तेच सुरू केलं असतं.

“हद्द ओलांडली, बाबा.”

तो आढ्याकडं बघत पडून राहिला. त्याची छाती वरखाली होत होती, नीट, एका लयीत.

“मग विझव ती,” तो म्हणाला. “मेण उगाच जळतंय.”

राफिलानं वात चिमटीत धरून विझवली आणि त्याची बोटं एकेक करून सोडवली.

“पुढची सुट्टी कधी त्याला?”

“नाताळात.”

“लांब आहे गं,” ग्रिगोर म्हणाला, आणि सून समोर असताना, तोंड न वळवता, रडू लागला.